मदत हवी आहे: ब्राउझरमध्ये एनएसएफ (जुन्या निन्टेंडो टीव्ही गेमच्या संगीताची फाइल) सुरात वाजतं, पण लय चढी का?

मी फोंड्याला मुलांना पेटी शिकवतो. गणेश चवथीला जमलेल्या मुलांकडून जुन्या टीव्ही गेममधल्या दोन-तीन चाली वाजवून घ्यायच्या आहेत. त्यांचं नोटेशन काढण्यासाठी एक साधं वेब पान केलंय. गेम म्युझिक इम्यू (जीएमई) ही गेमचं संगीत वाजवणारी लायब्ररी एमस्क्रिप्टनने वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात, कंपाइल केली; एनएसएफ फाइल दिली की चाल वाजते.

"एमपी3 का नाही घेत?" असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. एनएसएफमध्ये ध्वनिमुद्रण नसतं. गेममधला संगीत वाजवणारा कोड आणि त्याचा डेटा तेवढा असतो, आणि ब्राउझर तो गेमयंत्राच्या चिपच्या नकलेवर चालवतो. म्हणून मला एकेक आवाज वेगळा बंद करता येतो. दोन्ही पल्स, नॉइज वगैरे बाकीचे आवाज मुके केले की खाली ट्रँगल एकटा उरतो, आणि खर्जाची ओळ सरळ वहीत उतरवता येते. एमपी3तून हे होत नाही.

आता अडचण. घरात नव्वदीतला टीव्ही गेम अजून चालू आहे, कॅसेटी पण आहेत. तीच चाल टीव्हीवर मेट्रोनोम लावून मोजली तर मिनिटाला 125 मात्रा येतात, ब्राउझरमध्ये 150. सूर मात्र जवळजवळ तोच. टीव्हीवरचा अगदी किंचित उतरलेला वाटतो, पेटीशी लावला तरच कळतो. एकाने सांगितलं म्हणून हेक्स एडिटरमध्ये फाइलच्या हेडरमधला पाल-एनटीएससीचा (टीव्हीची युरोपची पद्धत की जपान-अमेरिकेची हे सांगणारा) बाइट 1 केला. लय उतरली, पण सूरही कोसळला. पांढरी दोनमधली चाल काळी एकच्याही खाली गेली. मुलांना ऐकवायचं तर मला टीव्हीवरचीच लय आणि टीव्हीवरचाच सूर हवाय. कुठे काय बदलू?

दुसरं, यादी वरखाली सरकवली की आवाज तुटतो. आवाज तयार करायला सध्या ब्राउझरमधला स्क्रिप्टप्रोसेसर वापरतोय.

प्रतिसाद 1

मास्तर, तुमचा कान बरोबर आहे. इथे दोन नाही, तीन प्रकारची यंत्रं आहेत.

जपान-अमेरिकेचं मूळ यंत्र 60 हर्ट्झचं, प्रोसेसर 1.789773 मेगाहर्ट्झ. युरोपचं अधिकृत पाल यंत्र 50 हर्ट्झचं, प्रोसेसर 1.662607. सूर प्रोसेसरच्या घड्याळावरून ठरतो आणि लय बहुतेक गेममध्ये पडद्याच्या फ्रेमवरून. म्हणून तो बाइट बदलल्यावर दोन्ही उतरलं. सुरात सुमारे 128 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो, म्हणजे अर्ध्या स्वराहून जास्त.

आपल्याकडे विकले गेलेले बरेच टीव्ही गेम तैवानी क्लोन होते. 50 हर्ट्झच्या टीव्हीवर चालावेत आणि 60 हर्ट्झचे गेमही धड चालावेत म्हणून त्यांत प्रोसेसर 1.773448 वर ठेवलेला असे. सूर फक्त 16 सेंट खाली, लय मात्र सहापैकी पाच हिश्शांवर. तुमचे 150 आणि 125 तंतोतंत हेच सांगतात.

तेव्हा तो बाइट पूर्वीसारखा करा आणि लायब्ररीतलं सेट टेम्पो फंक्शन वापरा, किंमत 0.832. त्याने सूर हलत नाही, फक्त वाजवण्याच्या हाका लांब अंतराने पडतात. ते 16 सेंटही हवे असतील तर ब्राउझरचा ऑडिओ कॉन्टेक्स्ट सॅम्पल रेट 48000 चा (सेकंदाला इतके नमुने) असताना लायब्ररीला 48442 सांगा. मग सगळंच किंचित संथ होईल, म्हणून टेम्पो 0.84 ठेवा.

आवाज तुटतो त्याचं कारण, स्क्रिप्टप्रोसेसर पानाच्याच मुख्य थ्रेडवर चालतो. तो केव्हाच कालबाह्य ठरवलाय. त्याऐवजी वेगळ्या थ्रेडवर चालणारं ऑडिओवर्कलेट घ्या. त्यात एका वेळी 128 फ्रेम मागितल्या जातात. पण लायब्ररीतलं जीएमई प्ले फंक्शन फ्रेम मोजत नाही, डावे-उजवे नमुने धरून मोजतं, म्हणून त्याला 256 द्यायचे. वर्कलेटच्या आत फेच (फाइल आणणारं फंक्शन) मिळत नाही. वेबअसेंब्लीचे बाइट पानावर आणून पोर्टमधून आत पाठवा.

धागाकर्ता

देव बरें करूं, दादा! 48442 आणि 0.84 घातलं, टीव्ही आणि लॅपटॉप शेजारी ठेवून एकाच वेळी सुरू केले. चाल संपून पुन्हा सुरू होईपर्यंत दोन्ही सोबत राहिले. पेटीची पट्टी दोन्हींना सारखीच लागते. हे इतकं नेमकं जुळेल असं वाटलं नव्हतं.

वर्कलेटही लॅपटॉपवर छान चालतंय. पण मुलांना फोनवर ऐकायचंय. घरच्या वायफायवरून लॅपटॉपचा पत्ता टाकून फोनवर पान उघडलं तर वाजवायचं बटण दाबूनही काहीच नाही. कन्सोलमध्ये ऑडिओवर्कलेट अनडिफाइंड दिसतं. फोनचा ब्राउझर नवाच आहे.

प्रतिसाद 2

फोनचा दोष नाही. ऑडिओवर्कलेट फक्त सुरक्षित पानावर मिळतं. लोकलहोस्टला सूट असते म्हणून लॅपटॉपवर चाललं, 192.168 वाला साधा एचटीटीपी पत्ता त्यात बसत नाही. पान एचटीटीपीएस देणाऱ्या कुठल्याही होस्टिंगवर चढवा, सगळं मिळून काही शेकडो केबी होईल.

चढवल्यावरही आवाज आला नाही तर ऑडिओ कॉन्टेक्स्ट थांबलेला आहे का ते बघा. माणसाने स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर त्याला सुरू होऊ देत नाही. रिझ्यूम ही हाक बटणाच्या क्लिकमध्येच हवी, पान उघडताना दिलेली चालत नाही. आणि 48000 गृहीत धरू नका, कॉन्टेक्स्टचा सॅम्पल रेट विचारून त्याला 1.0092 ने गुणा. काही ठिकाणी 44100 असतो.

धागाकर्ता

चाललं! रिझ्यूम खरंच पान उघडताना दिलं होतं, ते बटणात हलवलं. आता एकच विचारतो: प्रत्येक चालीची लांबी अडीच मिनिटंच का दाखवतंय?

प्रतिसाद 1

साध्या एनएसएफमध्ये लांबी लिहिलेलीच नसते, चाल फिरत राहते. माहिती नसली की लायब्ररी 150 सेकंद हा ठोकळ आकडा देते. नोटेशन काढताना तिकडे बघू नका, पहिलं आवर्तन पूर्ण होऊन चाल जिथून पुन्हा धरते तिथे खूण करा. सोबत एम3यू यादी मिळाली तर त्यात नावं आणि वेळा असतात.