सेगान्तिनीच्या चित्रातलं ऊन इतकं खरं कसं?

पाणरंग:
मी साताऱ्याची. सहा वर्षं जलरंगात निसर्गचित्रं काढते: कास, चाळकेवाडी, यवतेश्वरचा घाट. परवा एका जुन्या पुस्तकात जोव्हान्नी सेगान्तिनीचं ‘आल्प्समधली दुपार’ (१८९१) दिसलं. गवती टोपीतली मेंढपाळ बाई, मेंढ्या, निळंशार आभाळ. चित्र जेमतेम चार इंचांचं, तरी डोळे बारीक झाले माझे. माझ्या कागदावर भर दुपार कधी उतरतच नाही, नुसता फिका पडतो तो. हा काय करत असेल? आणि तो इटालियन की स्विस? पुस्तकात दोन्ही लिहिलंय.

डोंगरवाट:
ताई, मी अकरा वर्षं झुरिकला आहे. कूरला गाडी बदलून सेंट मॉरिट्झच्या त्याच्या संग्रहालयात चार वेळा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न. जन्म १८५८, आर्को गावी. ते तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. सातव्या वर्षी आई गेली. वडिलांनी मिलानला सावत्र बहिणीकडे सोडलं, पुढे तेही वारले. बहिणीने ऑस्ट्रियाचं नागरिकत्व सोडल्याचा अर्ज केला, इटलीचं घ्यायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून मरेपर्यंत तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. कागद नाहीत म्हणून बीचे बुगात्तीशी रीतसर लग्नही होऊ शकलं नाही. चार मुलं झाली, संसार शेवटपर्यंत टिकला. लहानपणी भटकताना सापडला म्हणून त्याला सुधारगृहात टाकलं होतं, तिथे चांभारकाम शिकवलं. लिहिणं-वाचणं धड येत नसे, तो चित्र काढत असताना बीचे शेजारी बसून पुस्तकं वाचून दाखवायची. भाषा, शिक्षण (मिलानची ब्रेरा अकादमी) आणि मन इटालियन. म्हणून मी तरी त्याला इटालियनच म्हणतो.

आता ऊन. १८८६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या साव्होन्यिनला आला, उंची साधारण १२०० मीटर. १८९४ मध्ये मालोयाला, १८०० मीटर. तिथली हवा विरळ आणि कोरडी, लांबचा दगडसुद्धा रेखीव दिसतो. तो रंग पॅलेटवर कालवून मंद करत नसे. कॅनव्हासवर आधी तांबड्या मातीच्या रंगाचा हात, आपल्या गेरूसारखा. त्यावर बारीक, जाड, कोरडे फटकारे, दोहोंमध्ये फट ठेवून. मग त्या फटींत पूरक रंग, म्हणजे हिरव्याला तांबडा असा विरुद्ध रंग. हिरव्या गवताजवळ गेलात की आत तांबडं, निळं, पिवळं धाग्यांसारखं दिसतं. चार पावलं मागे या, गवत पेटतं. छापील चित्रात यातलं फारच थोडं पोचतं.

आणि तो उघड्यावर, जागेवर रंगवायचा. शेवटचं काम म्हणजे ‘जीवन’, ‘निसर्ग’ आणि ‘मृत्यू’ ही तीन चित्रं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी होती. त्यातलं ‘निसर्ग’ सुमारे चार मीटर रुंद. ते घेऊन तो सप्टेंबर १८९९ मध्ये शाफबर्ग डोंगरावर, २७०० मीटरवर गेला. तिथल्या झोपडीत पोटाचं दुखणं बळावलं, आणि २८ सप्टेंबरला गेला. वय ४१. ‘मृत्यू’ अपुरंच राहिलं. १९०८ साली उघडलेल्या त्या संग्रहालयाच्या घुमटाखाली तिन्ही एकत्र आहेत. मी दर वेळी ‘निसर्ग’समोरच्या बाकावर बसतो आणि उठवत नाही.

तैलखडू:
एक सावधगिरी. त्याचे रंग तेलातले आणि घट्ट. जलरंगात ओल्याशेजारी ओला पूरक रंग ठेवलात तर चिखल होणार. पहिला फटकारा पूर्ण सुकू द्या, मग फटीत दुसरा भरा. गेरूचा हातही अगदी पातळ ठेवा, नाहीतर आभाळ मळकट दिसेल. जाड कागद घ्या, पातळ कागद इतके थर सोसत नाही.

पाणरंग:
दादा, त्या बीचेबद्दल वाचून गलबलून आलं. तैलखडू, गवत एकसलग हिरवं भरायची सवय आहे मला, फट ठेवणं कधी सुचलंच नव्हतं. रविवारी पहाटे चाळकेवाडीला निघतेय. गेरूचा हात आज रात्रीच देऊन ठेवते, म्हणजे सुकेल.