प्रदूषित जमीन साफ केल्याचा पुरस्कार: फीत कापताना द्यावा की पंधरा वर्षांनी?

गिरणगावकर (धागाकर्ता)

अमेरिकेत बंद कारखान्यांच्या, रसायनांनी नासलेल्या जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना फिनिक्स पुरस्कार देतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे स्वच्छ सर्वेक्षण. जुन्या कचऱ्याचे डोंगर हटवले की त्यात शहराला गुण मिळतात.

हे आठवायचं कारण मुंबईचा देवनारचा कचरा डेपो. १९२७ पासून कचरा पडतोय तिथे. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत हटवण्यासाठी २,३६८ कोटींची निविदा काढली. तिथल्या सुमारे १२४ एकरांवर धारावी पुनर्विकासातली घरं होणार आहेत. तीन वर्षांनी मैदान सपाट झालं की कुणाच्या तरी हातात शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं म्हणणं सरळ आहे. गौरव जरूर करा, पण पंधरा वर्षांनी. आकडा मी हवेतून काढलेला नाही. घनकचऱ्याच्या नियमांतच बंद केलेल्या भरावभूमीची (म्हणजे कचरा पुरायच्या जागेची) देखभाल आणि तपासणी किमान पंधरा वर्षं करा असं लिहिलंय. जी तपासणी पंधरा वर्षं चालायची, तिचा निकाल पहिल्याच वर्षी लावायचा हे कुठलं शास्त्र?

सिमेंट-वाळू

असहमत. पंधरा वर्षांत पाच आयुक्त बदलतात, कंत्राटदाराची कंपनी तिसऱ्याच नावाने चालते आणि ज्याने रात्री जागून काम केलं तो इंजिनिअर निवृत्त होऊन गावी आंबे मोजत बसतो. पुरस्कार कुणाला देणार, फोटोला?

अशा जमिनीला हात लावायला मुळात कुणी तयार नसतं. खर्च किती होईल ते आधी कळत नाही, बँक कर्ज देताना कुरकुरते आणि खणलं की काय निघेल ते देव जाणे. त्यात "कौतुक नंतर बघू" म्हणालात तर सगळे मोकळी जमीन शोधत शहराबाहेर पळतील. शेतं जातील, खारफुटी जाईल.

आणि थांबणं फुकट नसतं हो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कित्येक दिवस जळत होतं. शिवाजीनगर, गोवंडीच्या पोरांनी तो धूर छातीत घेतला. ती माणसं डोंगराच्या पायथ्याशी आजही राहतात. त्यांना पंधरा वर्षांचा हिशेब सांगून बघा.

इंदुरी पोहा

सिमेंट-वाळूंना +१. आमच्या इंदूरचं उदाहरण घ्या. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, शंभर एकरांत तेरा लाख टन जुना कचरा होता. बाहेरून करून घ्यायचं तर साठ-पासष्ट कोटी लागतील असा अंदाज. २०१८ मध्ये पालिकेने यंत्रं भाड्याने घेऊन, दोन पाळ्यांत चालवून दहा कोटींच्या आसपास काम उरकलं. आता तिथे झाडं आहेत.

हे झालं कारण शहराला स्वच्छ सर्वेक्षणातल्या पहिल्या नंबराची चटक लागली होती. नंबर गेला तर काय, या धास्तीने अधिकारी पहाटे साइटवर उभे असायचे. बक्षिसाची हाव वाईट म्हणता? त्याच हावेने आमचा डोंगर गेला.

साइटवरचा माणूस

मी बायोमायनिंगच्या, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करायच्या, दोन कामांवर होतो, जागा सांगत नाही. थोडं आतलं लिहितो, म्हणजे वाद कशावर चाललाय ते कळेल.

डोंगर एकदम खोदत नाहीत. थराथराने उकरायचा, जिवाणूंचं कल्चर फवारायचं, लांबलचक ढीग लावून दर आठवड्याला पलटी मारायची. आधी वाफ निघते, मग ढीग हळूहळू बसतो आणि कोरडा होतो. त्यानंतर माल ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरत्या गोल चाळणीत. खालून बारीक मातीसारखा माल पडतो, पुढून दगड-विटा, आणि शेवटी चिंध्या, प्लास्टिक, चपलांचे तळवे. चिंध्या-प्लास्टिक सिमेंट कारखान्यांना जाळायला जातं. कागदावर. प्रत्यक्षात चिंधी ओली आणि मातीने माखलेली असेल तर कारखाना गाडी परत पाठवतो. जून लागला की चाळणीला चिखल चिकटतो आणि काम बसतं ते दसऱ्यापर्यंत.

तो बारीक माल लोक 'खत' म्हणून विचारतात. मूठभर हातात घेऊन बोटांनी चोळा. काचेचा चुरा टोचतो, शाम्पूच्या पुड्यांचे चंदेरी तुकडे चमकतात. त्यातले जड धातू काही डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक ठिकाणी हा माल भरावाला जातो. आता तो कुठल्या खड्ड्यात गेला, हे पुरस्काराच्या अर्जात कुणी विचारत असेल असं वाटत नाही.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. कचरा उचलला म्हणजे जमीन साफ झाली असं नाही. जुन्या डेपोंना तळाशी अस्तर नाही. कित्येक पावसाळे कचऱ्यातलं काळं पाणी, म्हणजे लीचेट, खाली झिरपत राहिलंय. डोंगर जातो, हे पाणी खालच्या मातीत राहतं. पण मोजणी होते टनांची, कारण वजनकाट्याची पावती मिळते. मातीची पावती कोण देणार?

डेपोशेजारी

शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. आमचं गाव एका मोठ्या शहराच्या कचरा डेपोला लागून आहे. शहराचं नाव घेत नाही, भांडण नको. विहिरीचं पाणी उपसलं की कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं, वर तेलकट तवंग. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या काढा. प्यायला टँकर.

मधे डेपोच्या एका भागावर माती टाकून हिरवळ केली. पाहुणे आले, फोटो निघाले, सत्कारही झाले. विहीर बघायला मात्र कुणी बांध ओलांडून आलं नाही. पुरस्कार देणाऱ्यांनी परीक्षक म्हणून आमच्या गावातल्या दोन बायका घ्याव्यात, त्या डाळ शिजवून निकाल देतील.

सिएटलहून

गिरणगावकरांच्या बाजूने इथलं एक उदाहरण. लेक युनियनच्या काठावर कोळशापासून गॅस बनवणारा कारखाना होता, १९०६ ते १९५६. पुढे लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी टाक्या आणि मनोरे न पाडता तिथे बाग केली, गॅस वर्क्स पार्क. माती उचलून फेकण्याऐवजी तिच्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंकडून ती सुधारून घ्यायची, ही कल्पना त्या काळात फार पुढची होती. १९७५ मध्ये बाग खुली झाली. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांच्या संस्थेने तिला आपला मोठा पुरस्कार दिला.

१९८४ मध्ये त्याच बागेच्या मातीत घातक रसायनं सापडली आणि ती काही काळ बंद ठेवावी लागली. वरून पुन्हा मातीचे थर घालावे लागले. पुढे जमिनीखालचं बेंझीन काढायची यंत्रणा बसवावी लागली. आजही उन्हात पोरं टेकडीवर पतंग उडवतात, पण काठावरून तळ्यात उतरायला मनाई आहे.

खाडीकाठ

१९८१ ला पुरस्कार आणि १९८४ ला टाळं. यापुढे वाद कसला घालायचा?

पण मी गिरणगावकरांच्याही पुढे जातो. पुरस्कार नकोच. आपण केलेली घाण आपणच उचलली तर सत्कार कसला? ज्याने जमीन नासवली त्याच्याकडून खर्च वसूल करा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम आणलेत. जागा शोधायची, तपासायची, दोषी ठरवायचा आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. ते आधी राबवा, मानचिन्हं नंतर घडवा.

कचऱ्याच्या डोंगराला निदान वास तरी येतो. मुलुंड, भांडुपला एलबीएस रोडच्या दोन्ही बाजूंना जे टॉवर उभे आहेत, त्यातल्या अनेकांच्या जागी कारखाने होते. माहितीपत्रकात स्विमिंग पूल दिसतो, योगा डेक दिसतो. घर घेताना मातीचा अहवाल मागितलेला एक माणूस दाखवा. मालाडला जुन्या डंपिंगवर आयटी पार्क झालं, तिथे जमिनीतून येणाऱ्या वायूंनी कॉम्प्युटर बिघडत असल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. यंत्रांनी तक्रार केली म्हणून बातमी तरी झाली.

सिमेंट-वाळू

खाडीकाठ, दोषी शोधा म्हणता. देवनारला दोषी कोण? १९२७ पासूनची समस्त मुंबई. वसुलीची नोटीस कुणाच्या आजोबांना पाठवू?

आणि सिएटलचं उदाहरण माझ्या बाजूनेही वळतं. १९८१ ला गौरव झाला म्हणून ती बाग लोकांच्या डोळ्यांत भरली. डोळ्यांत भरली म्हणून १९८४ ला गडबड कळल्यावर तिथे पैसा ओतला गेला. बिननावाची पडीक जागा असती तर कुंपण घालून विसरले असते.

गिरणगावकर (धागाकर्ता)

मुद्दा बिनतोड आहे, पण मला पटत नाही. सिएटलला पुन्हा तपासणी झाली म्हणून कळलं. आपल्याकडे पुरस्कार मिळाला की फाइल बंद होते. नंतर माती तपासणं म्हणजे साहेबांच्या मानचिन्हावर संशय घेणं. कोण घेईल?

घाई न करता काय होतं ते धारावीसमोर, मिठी नदीच्या काठावर बघा. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकरांवर मुंबईचा कचरा पडायचा, १९७७ च्या सुमारास तो थांबला. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते तिथे झाड लावलं गेलं. लोकांसाठी दार उघडलं १९९४ मध्ये. आज लिंक रोडवरून जाताना आत जंगल आहे हे नवख्याला सांगूनही खरं वाटत नाही. द्यायचाच तर पहिला पुरस्कार त्याला द्या.

साइटवरचा माणूस

निसर्ग उद्यान झकास आहे, वाद नाही. पण तो पेपर सोपा होता साहेब. झाडांना बेसमेंट पार्किंग लागत नाही आणि रात्री कुणी तिथे पोरं घेऊन झोपत नाही. देवनारला लोक राहणार आहेत. तिथे पाया खोदताना खालची माती वर येणार, खड्ड्यात पाणी साचणार, ते पंपाने कुठेतरी सोडणार. बाजूला ठाण्याची खाडी आहे.

म्हणून पंधरा वर्षं की एक वर्ष यापेक्षा मला दुसरंच विचारायचंय. डेपोच्या चारी बाजूंना तपासणीच्या बोअर मारतात. काम चालू असेपर्यंत कंत्राटदार नमुने काढतो, कारण बिलाला अहवाल जोडावा लागतो. शेवटचं बिल निघालं की बोअरच्या टोपीवर गवत चढतं. मी तर एका बोअरमध्ये कुणीतरी बांबू रोवून झेंडा लावलेला पाहिलाय. पुढच्या वर्षांचे नमुने कोण काढणार, खर्चाच्या कुठल्या हेडखाली, आणि आकडे गेटवरच्या फलकावर मराठीत लागणार का, एवढं निविदेतच लिहून घ्या. ज्याने लिहिलं त्याला हवं तर उद्याच शाल द्या, माझी हरकत नाही.

डेपोशेजारी

फलकावर विहिरींचेही आकडे टाका. गावच्या, फक्त आवारातल्या नव्हे.

सिमेंट-वाळू

हे मान्य. पण पंधरा वर्षांचा खर्च कंत्राटात घातलात तर दर वाढणार, आणि मग हाच धागा "इतके कोटी कशाला" म्हणून पुन्हा वर येणार. तेव्हा भेटू.