इजिप्तला ग्रुप टूरने जाणं म्हणजे दगड मोजून येणं. पटतंय का?

भटकी_शेवंता:
फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात इजिप्त करून आले. सात रात्री आठ दिवस, पस्तीस जणांचा ग्रुप, कंपनीचं नाव घेत नाही. आल्यापासून एकच वाटतंय, मी इजिप्त बघितलंच नाही, उरकलं. कर्नाकच्या देवळात १३४ खांबांचा सभामंडप आहे, मान वर करून एका खांबाच्या टोकाला उरलेला रंग बघत होते तेवढ्यात टूर मॅनेजरची हाक, चला चला बोटीवर जेवण थांबलंय. आणि जेवण काय, तर बटाट्याचा रस्सा आणि श्रीखंड! नाईलवर!! राजांच्या दरीत एका तिकिटात तीन थडगी बघता येतात, ती तिन्ही मिळून चाळीस मिनिटांत. कोवळ्या वयात गेलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं, ते "काही विशेष नाही हो, छोटंसं आहे" म्हणून टाळलं. छोटं आहे मान्य, १९२२ मध्ये सापडलेला खजिना कैरोला गेला हेही मान्य, पण तो पोरगा स्वतः अजून तिथेच झोपलाय ना!
माझं मत: तीन-चार जणांनी मिळून स्वतः जा, कैरोला तीन दिवस, लक्झरला चार. अबू सिंबेलची देवळं सरळ सोडा, पहाटे चारला अस्वानहून निघून जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत आणि तिथे दीड तास, कशाला?

ठाणेकर_आजोबा:
ताई, वय काय तुमचं? मी ६९, हिचे दोन्ही गुडघे बदललेले. पिरॅमिडपाशी एक उंटवाला आला, "इंडिया? अमिताभ बच्चन! फ्री फ्री!" करत आमच्या ग्रुपमधल्या एकांना फुकटात वर बसवलं आणि मग खाली उतरवायचे पैसे मागायला लागला 😄 मॅनेजरने अरबीत दोन शब्द सुनावले तेव्हा सुटका. तुम्ही चौघं काय केलं असतंत? बक्षिसी तर दारात, संडासात, फोटोला, सगळीकडे. ती कटकट आम्ही कंपनीवर सोपवली आणि निवांत बसलो. आणि श्रीखंडाला नावं ठेवू नका. आठ दिवस पोट बिघडलं नाही याला पण किंमत असते.

लसूणचटणी:
आजोबा बाकी सगळं मान्य पण जेवणाचं नाही. मी पक्की शाकाहारी, दहा दिवस मजेत जेवले. सकाळी फूल म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, मग त्याच दाण्यांचे ताअमिया नावाचे वडे, दुपारी कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा सॉस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. प्यायला करकदे, तेही आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबतच. देशच असा की शाकाहारी माणूस उपाशी मरूच शकत नाही, आणि आपले लोक तिथे ठेपले घेऊन जातात.

गोणपाट:
एवढे पैसे घालून दगडच बघायचे तर आपलं वेरूळ काय वाईट आहे?

भटकी_शेवंता:
@गोणपाट वाईट कोण म्हणतंय, पण खुफूचा पिरॅमिड उभा राहिला तेव्हा कैलास लेणं कोरायला सुमारे तेहतीसशे वर्षं बाकी होती. आणि वेरूळ चाळीस मिनिटांत उरकणारे ग्रुप पण बघितलेत मी.

कोयनाकाठ:
अबू सिंबेल सोडा?? शेवंताताई, इथे सपशेल चुकलात. अस्वानच्या मोठ्या धरणात ती दोन देवळं बुडणार होती म्हणून १९६४ ते ६८ मध्ये डोंगरातून कापून काढली, हजारावर तुकडे, आणि जवळजवळ ६५ मीटर वर नेऊन परत जुळवली. आत गाभाऱ्यात चार मूर्ती, वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, सकाळचं ऊन थेट आतपर्यंत जातं आणि तिघांवर पडतं. चौथा प्ताह, तो पाताळाशी नातं असलेला देव, तो अंधारातच राहतो. हे गणित नव्या जागीही सांभाळलंय. तुम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडे होतात म्हणजे दोन-चार दिवसांनी हुकलं!
पण मला तिथे वेगळंच आठवत राहिलं. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे, आजी शेवटपर्यंत पाण्याकडे बोट दाखवून आमचा उंबरा तिथे होता म्हणायची. त्या धरणासाठी इजिप्तमधल्या पन्नासेक हजार नूबियन लोकांना, म्हणजे तिथल्या नाईलकाठच्या मूळ रहिवाशांना पण घरं सोडायला लागली, त्यांना कोम ओम्बोकडे नदीपासून लांब नवी गावं दिली. देवळं वाचवायला युनेस्कोने जगभरातून पैसा उभा केला. आमच्या बोटीवरचा स्वयंपाकी नूबियन होता, त्याला विचारलं तर नुसता हसला आणि चहा आणून दिला. आमच्या ग्रुपच्या गाईडने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, ती देवळं बांधणाऱ्या रामसेस राजाच्या बायका मात्र मोजून दाखवल्या.

भटकी_शेवंता:
बरं, अबू सिंबेल मागे घेते. पण बघा, शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं झालं ना!

ठाणेकर_आजोबा:
नाही झालं. गाईड वाईट होता, ग्रुप नाही. आमचा गाईड इजिप्तॉलॉजी शिकलेला, त्याने मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सांगितली. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी सापडली, पपायरसवर लिहिलेली, तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड खुफूच्या पिरॅमिडसाठी होडीने गिझाला कसा नेला त्याची नोंद. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं मस्टर म्हणा ना! मी पीडब्ल्यूडीत ३४ वर्षं तेच भरलं, डोळ्यात पाणी आलं हो. मी एकटा गेलो असतो तर हे मला कुणी सांगितलं असतं?

लसूणचटणी:
आजोबा 🙏 मग मधला मार्ग, स्वतः जायचं आणि चांगला गाईड तिथे दिवसावर घ्यायचा. आम्ही लक्झरला तेच केलं.

ठाणेकर_आजोबा:
विचार करतो. नवं मोठं म्युझियम बघायला परत जायचंच आहे, तुतनखामुनचं सगळं सामान आता तिथे एकत्र मांडलंय म्हणे. एक विचारू, त्या कोशरीत लसूण असतो का? हिचा चातुर्मास असतो.

लसूणचटणी:
सॉसमध्ये असतो, आणि वरून घ्यायचं लसूण-व्हिनेगरचं पाणी वेगळं देतात. कांदा तर वर पसरलेलाच असतो. हे सगळं नको सांगितलंत तर देतील बिचारे, पण मग ती कोशरी नाही, मॅकरोनी घातलेली खिचडी झाली.

ठाणेकर_आजोबा:
मग श्रीखंडच बरं.