प्रतिसाद: जातीपेक्षा कास आधी तपासावी
ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे, त्यात गाई-म्हशींचे दूध कमी मिळण्याचे खापर जनावराच्या जातीवर फोडले आहे. ते मला अर्धेच पटते. दोन-चार जनावरे बाळगणाऱ्याचे पुष्कळसे नुकसान सुप्त कासदाहाने (कासेच्या बाहेरून न दिसणाऱ्या दाहाने) होते, कारण त्यात ना कास सुजते, ना दुधात गाठी दिसतात, दूध मात्र घटत जाते. प्रयोगशाळा हाताशी नसली तरी हा दाह ओळखणारी १९५७ पासूनची कॅलिफोर्निया चाचणी गोठ्यातच करता येते: पहिल्या धारा टाकून चार खणांच्या तबकात प्रत्येक सडाचे दूध वेगळे घ्यावे, तेवढेच चाचणीचे द्रावण घालून तबक गोल फिरवावे, दोषी सडाचे दूध शेंबडासारखे घट्ट होते. (नुकत्याच व्यालेल्या गाईत ही चाचणी फसवते, कारण ज्या पेशींमुळे दूध असे घट्ट होते, त्या चिकात मुळातच जास्त असतात.)