संतांकडे प्रार्थनेची विनंती करावी का?

वसईकर
वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 साली त्यांना संतपद मिळाले. आम्ही कॅथोलिक त्यांना ‘आम्हांसाठी विनंती कर’ असे म्हणतो, तेव्हा प्रॉटेस्टंट बांधव हटकून बायबलमधील, तीमथ्याला लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रातील वचन पुढे करतात: देव आणि मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे (2:5). त्याच अध्यायाच्या आरंभी पौल सर्वांसाठी विनवण्या करायला सांगतो, त्याचे काय? आजारपणात शेजाऱ्याला प्रार्थना करायला सांगितल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपद उणावत नसेल, तर ख्रिस्तापाशी पोहोचलेल्या बांधवाला सांगितल्याने ते का उणावावे?

नगरकर
मध्यस्थपदाचा मुद्दा आमच्यापैकी अनेक जण घाईने मांडतात, हे मान्य. खरी अडचण वेगळी आहे. शेजारी माझे बोलणे ऐकतो. निवर्तलेला संत ते ऐकतो, याला शास्त्राधार कोणता? एकाच क्षणी अनेक देशांतून, अनेक भाषांतून आलेली विनवणी ऐकणे हे देवाचे सामर्थ्य आहे. 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासनाम्याचे, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धा-जाहीरनाम्याचे, 21 वे कलम संतांचे स्मरण करावे, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा असेच सांगते. त्यांचा धावा करण्यास मात्र शास्त्रात आधार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. गार्सियांच्या हौतात्म्यापुढे मीही नतमस्तक आहे.

वसईकर
संत स्वसामर्थ्याने ऐकतात असे आम्ही म्हणत नाही. देव त्यांना ऐकवतो. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात (5:8) स्वर्गातील चोवीस वडिलांच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या, हाती धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना होत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय 15) तर दिवंगत संदेष्टा यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो.

नगरकर
मक्काबींचे पुस्तक आम्हा प्रॉटेस्टंटांच्या शास्त्रात नाही. पण तो वाद बाजूला ठेवला तरी तिथे यिर्मया आपणहून प्रार्थना करतो, ज्याला तो स्वप्नात दिसतो त्या यहूदा मक्काबीने त्याला तशी विनंती केलेली नाही. वडिलांच्या हातांतील प्रार्थना त्यांनाच उद्देशून होत्या, असेही प्रकटीकरण लिहिणारा योहान लिहीत नाही. शिवाय देवाने संताला कळवायचे आणि संताने तेच पुन्हा देवाला सांगायचे, हा फेरा कशासाठी?

वांद्रेकर
मी कॅथोलिक आहे, तरीही एक गोष्ट नमूद करतो. सप्टेंबरात माऊंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात, तेव्हा विनंती कुठे संपते आणि नवस कुठे सुरू होतो, हे पुष्कळांना सांगता येणार नाही. 1563 साली आपल्या कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने संतांचा धावा करणे चांगले व उपयुक्त ठरवले, पण त्याच ठरावात त्यातील अंधश्रद्धा काढून टाकण्याचाही आदेश दिला. आपल्या प्रवचनांत त्याचा हा दुसरा भाग फारसा येत नाही.

वसईकर
गैरवापर होतो म्हणून मूळ प्रथा खोटी ठरत नाही. फेऱ्याचेच म्हणाल, तर आपण मागण्यापूर्वीच आपली गरज पित्याला ठाऊक असते (मत्तय 6:8), तरीही तो मागायला सांगतो. तो आक्षेप मग प्रत्येक प्रार्थनेला लागू होईल.

नगरकर
मागायला सांगतो, म्हणूनच आपण मागतो. एकमेकांसाठी प्रार्थना करा, ही याकोबाच्या पत्रातील (5:16) आज्ञा आहे. निवर्तलेल्यांना तशी विनंती करण्याची आज्ञा तुम्ही अजून दाखवलेली नाही, आणि वांद्रेकरांनी दिलेले ट्रेंटचे शब्दही ‘उपयुक्त’ एवढ्यावरच थांबतात.