पावसाळ्यात बिल दुप्पट: दर वाढला की युनिट?

पागोळी (देवगड)
गावच्या घराच्या बिलाबद्दल विचारायचं आहे. सिंगल फेज, विहिरीत १ एचपीचा पाणबुडी पंप, फ्रीज, टीव्ही, तीन पंखे. अंघोळीला बंब, म्हणजे गिझर नाही. मे महिन्यात घर भरलेलं असताना १६५ युनिट होते. आता दोनच माणसं आहेत आणि जुलैच्या बिलात ३१८. दोन्ही वेळा शेरा 'नॉर्मल', म्हणजे रीडिंग अंदाजाने टाकलेलं नाही. ३०० ओलांडल्यामुळे सगळ्याच युनिटना वरचा दर लागला का? 'इंधन समायोजन आकार' मेच्या बिलात शून्य होता, आता रक्कम आहे, ती कसली? आणि इंग्लंडमध्ये घरगुती विजेला कमाल मर्यादा आहे म्हणतात, तशी आपल्याकडे का नाही?

आगोट (रत्नागिरी)
पहिली शंका आधी निकालात काढू, कारण ही समजूत फार पसरलेली आहे. घरगुती दराचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, पण प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटना लागतो. तुमच्या ३१८ पैकी पहिले १०० सर्वांत स्वस्त, पुढचे २०० दुसऱ्या दराने आणि तिसरा दर फक्त १८ युनिटना. म्हणजे ३०० ओलांडल्याचा फटका किरकोळ आहे. खरा भार १०० नंतरच्या २०० युनिटचा, तिथे दर एकदम चढतो.

बिलाच्या पाठीमागे दर छापलेले असतात, ते घेऊन एकदा हाताने हिशेब करा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे चारही मिळवायचे आणि त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लावायचं. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) प्रत्येक युनिटवर असतो, तो विसरला की हिशेब जुळत नाही. दोन रीडिंगच्या तारखाही बघा. रीडर उशिरा आला आणि ३० ऐवजी ३८ दिवस झाले, तर तेवढ्यानेच सव्वापट युनिट दिसतात. पण तुमची वाढ सव्वापटीच्या बरीच पुढची आहे. इथे दरापेक्षा युनिटचा शोध घ्यायला हवा.

तारमास्तर (कुडाळ)
माणसं कमी आणि युनिट जास्त, तेही पाऊस लागल्यावर. कोकणात अशा वेळी पहिला संशय विहिरीतल्या केबलवर घ्यायचा.

आताच्या सिंगल फेज मीटरमध्ये फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) दोन्हींचा करंट मोजला जातो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट पडतात. केबलच्या जोडात पाणी शिरलं की काही करंट न्यूट्रलने परत न येता जमिनीत जातो. मीटर तो फेजकडून मोजतोच. १ अँपिअर गळती म्हणजे २३० वॅट, चोवीस तास चालली तर महिन्याला १६५ युनिट. मे महिन्यात जांभा दगड कोरडा ठणठणीत असतो, जमीन करंट घेत नाही. पावसात तोच जांभा भिजला की गळती वाढते. आणि जमिनीचा (अर्थिंगचा) रोध एवढा असतो की फ्यूज उडेल इतका करंट कधी जातच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी अशी करा. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो, तो आकडा टिपून घ्या. मेन बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर किंवा मीटर ते मेन यांमधली वायर. थांबला तर मेन चालू करून फ्रीजसकट सगळी उपकरणं प्लगमधून काढा, पंप त्याच्या स्विचवर बंद ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. तो आकडा गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे किलोवॅट. 'ईएल' नावाचा दिवा असेल तर तो पेटलाय का तेही बघा, तो फेज-न्यूट्रलचा करंट सारखा नसल्याची खूण आहे.

हे होईपर्यंत विहिरीच्या कठड्याला, पंपाच्या लोखंडी पाइपला हात लावू नका.

पागोळी
मेन बंद केल्यावर दिवा थांबतो. मेन चालू, बाकी सगळं बंद, तर मिनिटाला ११. ईएल पेटलेला आहे. पंपाच्या बोर्डातल्या दोन्ही तारा इलेक्ट्रिशियनने काढल्यावर मात्र सगळं शांत. पण स्विच तर बंद होता, मग गळती कशी?

तारमास्तर
स्विच न्यूट्रलवर लावलेला आहे. पंप थांबतो, पण केबलला फेज चोवीस तास मिळत राहतो. ११ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे ०.२ किलोवॅट, महिन्याला सुमारे १४८ युनिट. ३१८ मधून १६५ गेले की १५३ उरतात. हिशेब जुळला.

आता कामं. दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीत गळती झाली की पडणारा स्विच), नुसता एमसीबी नको. केबल तीन तारांची चपटी पाणबुडी केबल, बोर्डापासून पंपापर्यंत एकसंध. मधे जोड नकोच. अगदीच करावा लागला तर पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर आणि उष्णतेने आक्रसणारी नळी चढवून, काळ्या टेपवर भागवू नका. पंपात तारा जोडण्याआधी वाइंडिंगला (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीला) मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावा, १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर पंपही रिवाइंडिंगला. नवी केबल टाकून जुना ओला पंप जोडला की आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडतो आणि लोक आरसीसीबीच काढून टाकतात. हा मूर्खपणा दर पावसाळ्यात दिसतो.

मीटर बरोबर आहे, त्यामुळे या युनिटचे पैसे परत मिळणार नाहीत. मीटर सदोष निघाला असता, तर वाद सुरू झालेल्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त झालं असतं.

खाडीपलीकडे (गुहागर)
मर्यादेचा प्रश्न राहिलाच. इंग्लंडमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था जानेवारी २०१९ पासून कमाल दर ठरवते. पण ती मर्यादा प्रत्येक युनिटवर आणि दिवसाच्या स्थिर आकारावर आहे, एकूण बिलावर नाही. बातम्यांत येणारा पौंडांचा आकडा हा सरासरी घराच्या वीज आणि गॅस मिळून वर्षाच्या बिलाचा अंदाज. जास्त जाळलं तर बिल त्याच्या पुढे जाणारच. शिवाय मर्यादा घाऊक किमतीवरून ठरते, म्हणून ती स्वतःच चढते. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्षाला १,२७७ पौंड होती, ऑक्टोबर २०२२ मध्ये ३,५४९. रशियाचा गॅस आटला आणि तिथल्या विजेची घाऊक किंमत बहुतेक वेळा गॅसवरची केंद्रं ठरवतात. शेवटी सरकारला पदरचे पैसे घालून २,५०० च्या आसपास रोखावं लागलं.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. घरगुती दर राज्य वीज नियामक आयोग आधीच ठरवून देतो, वीज कंपनी स्वतःच्या मनाने तो वाढवू शकत नाही. म्हणजे दर हीच मर्यादा. फट आहे ती इंधन समायोजन आकाराची. दर ठरवताना धरलेल्या खर्चापेक्षा कोळसा किंवा बाजारातली वीज महाग पडली, तर फरक काही महिन्यांनी या ओळीत येतो. खर्च कमी झाला तर ही ओळ शून्य किंवा वजाही होऊ शकते. तुम्हाला जुलैत दिसलेली रक्कम जुलैच्या विजेची नाही, आधीच्या महिन्यांची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळसा कमी पडला, केंद्राने आयात कोळसा मिसळायला सांगितलं. बाजारात युनिट २० रुपयांपर्यंत गेल्यावर केंद्रीय आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली आणि २०२३ मध्ये ती १० वर आणली. आपल्याकडची ठळक मर्यादा ही, वीज बाजारावरची.

 

आगोट
चाकरमान्यांच्या बंद घरांसाठी एक जोडतो, गणपती जवळ आलेत म्हणून. घर बंद असलं की 'लॉक्ड' शेऱ्याने सरासरी बिल येतं आणि दार उघडल्यावर साठलेले युनिट एकदम पडतात. चार महिन्यांचे ४८० युनिट असतील, तर टप्पे महिन्यांवर विभागले पाहिजेत: पहिल्या दराने ४००, दुसऱ्या दराने ८०. एकाच महिन्याचे धरले तर १००, २०० आणि १८० असे पडतात आणि बिल फुगतं. तसं दिसलं तर मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच फोटोत घेऊन उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल. मीटर बाहेरच्या पडवीत घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, फक्त वर पत्रा हवा. पागोळीचं पाणी पेटीत गेलं तर टर्मिनल वर्षभरात गंजतात.

पागोळी
पडवीतच आहे, पत्र्यासकट. केबल आणि आरसीसीबी सांगितलेत तसेच टाकून घेतो. तोवर पाणी रहाटाने.