मदत हवी आहे : लक्षद्वीपला डायव्हिंग शिकायचे आहे, कदमत निवडावे की मिनिकॉय?

नमस्कार. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक आहे, वय ४६. भुसावळच्या फलाटावर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कित्येक वर्षे पाहतो आहे. ती गाडी एर्नाकुलमला संपते आणि तिथून पुढे समुद्र ओलांडायचा असतो. कांदेबागाची (केळीच्या एका हंगामाची) लागवड आटोपली की जानेवारीत पत्नीसह बारा-तेरा दिवसांसाठी तो समुद्र ओलांडण्याचा विचार आहे.

भारतीय नागरिकांनाही तिथे प्रवेश परवाना लागतो, हे गेल्या वर्षी महागात पडून कळले. एका दलालाने आगाऊ रक्कम घेतली, परवाना मात्र वेळेत मिळाला नाही आणि बेत रद्द करावा लागला. म्हणून या वेळी अर्ज स्वतः करणार आहे. ज्यांनी तो अलीकडे केला आहे, त्यांनी किती दिवस आधी केला आणि कोणती कागदपत्रे जोडली, ते कृपया सांगावे.

मुख्य अडचण कानाची आहे. पोहायला मी शेतातल्या विहिरीत शिकलो. तळाशी टाकलेले नाणे काढून आणण्याची आमची पैज असे आणि दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतके, खोल गेले की कानात सुई टोचल्यासारखे होई. नाक दाबून हलकेच हवा फुंकली की उजवा कान चटकन मोकळा होतो, डावा मात्र अडून बसतो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि कानाला सर्वांत जास्त त्रास पहिल्या काही मीटरमध्येच होतो, असे वाचले आहे. प्रमाणपत्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत उतरवतात. तज्ज्ञांकडून कान तपासून घेणारच आहे, परंतु असा एक कान उशिरा मोकळा होत असताना ज्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांचा अनुभव मला हवा आहे. शिकवणारे थांबून, सावकाश उतरू देतात का?

दुसरा प्रश्न बेटाचा. डायव्हिंगसाठी बहुतेक जण कदमतचे नाव घेतात. माझे मन मात्र मिनिकॉयमध्ये गुंतले आहे. बाकीच्या बेटांवर मल्याळमशी नाते सांगणारी बोली आहे, तर मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या भाषेची बहीण असून तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथले मच्छीमार जिवंत आमिष पाण्यात फेकून, गळाच्या काठीने एकेक ट्यूना वर ओढतात. तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की त्याचे लाकडासारखे कडक ‘मास’ होते. हे काम जवळून पाहायचे आहे आणि गावातल्या कोणी परवानगी दिली तर त्यांच्याशी बोलायचेही आहे. चार दिवस कदमतला शिकून पुढे जहाजाने मिनिकॉयला जाणे तेवढ्या दिवसांत जमते का, की जहाजांच्या वेळापत्रकात आठवडा निघून जातो? परतताना अगत्ती बेटाहून विमान घेतले तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास थांबावे लागेल, तेही हिशेबात धरले आहे.

पत्नी माळकरी आहे. तिथला बराच भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो, त्यामुळे तिच्या जेवणाची काळजी वाटते. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ सोबत नेले तर राहण्याच्या ठिकाणी भाकरी थापण्यापुरती चूल किंवा गॅस मिळेल का?

शेवटची विचारणा प्रवाळाविषयी. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, हे वाचून वाईट वाटले. मे महिन्यातल्या झळांनी करपलेली केळीची बाग मी दरवर्षी पाहतो. गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांनी डाइव्ह केली, त्यांनी कोणत्या बेटाजवळ प्रवाळ पुन्हा धरताना दिसले ते सांगावे. नवशिक्याचा पाय चुकून त्यावर पडू नये, म्हणून आधी लगूनच्या (बेटालगतच्या शांत, उथळ पाण्याच्या) वाळूवरच सराव करू देणारे केंद्र कोणाला ठाऊक असल्यास तेही कळवावे.